कॅप्टन आठल्यांच्या मनगटावर

मित्रांनो, मी एक जुने मनगटी घड्याळ आहे. माझ्या काचेवर दोन ठिकाणी चरे पडले आहेत आणि पट्ट्याचे एक भोक फाटून मोठे झाले आहे. वेळ तर भिंतीवरची घड्याळेही सांगतात. माझे खरे काम वेगळे होते. मी पळणाऱ्या माणसाच्या हृदयाचे ठोके मोजत असे. पाच वर्षे मी एकाच माणसाचे ठोके मोजले, आणि ते चुकू लागले तेव्हा सर्वांत आधी मला कळले. त्याचा उपयोग मात्र कुणालाच झाला नाही. तीच हकिगत आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे लांबच लांब टेबलांवर आमच्यासारखी शेकडो घड्याळे जुळवली जात. शेवटी एका यंत्रासमोर आमची परीक्षा होई. ते यंत्र माणसाच्या हृदयासारखे ठोके देई, कधी हळू तर कधी भरभर. ज्या घड्याळाची मोजणी चुकली ते तिथेच बाजूला काढले जाई. मी एकही ठोका चुकवला नाही. माझ्याबरोबर एक काळा पट्टाही डब्यात घातला गेला. तो जरासा ओला करून छातीभोवती बांधायचा असतो. तो ठोके ऐकतो आणि मला कळवतो, आणि मी ते आकड्यांत दाखवतो. मी आणि तो पट्टा मिळून एकच वस्तू आहोत, असे म्हटले तरी चालेल.

दोन हजार अकरा साली डेक्कनवरच्या एका दुकानातून हेमाताईंनी मला विकत घेतले. त्या कर्वेनगरच्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत. त्यांचे पती, कॅप्टन यज्ञेश्वर आठल्ये, प्रवासी विमान चालवत. त्यांचा अडतिसावा वाढदिवस होता. डबा त्यांच्या हातात देताना हेमाताई म्हणाल्या की तू टेकडीवर एकटा पळायला जातोस, निदान घड्याळ तरी सोबत असू दे. कॅप्टननी मला डाव्या मनगटावर बांधले. त्यानंतर अंघोळीची वेळ सोडली तर ते मला क्वचितच काढून ठेवत.

ते का पळत, हे मला हळूहळू कळले. त्यांचे लहानपण सदाशिव पेठेत गेले. वडील, श्यामसुंदर आठल्ये, शाळेत चित्रकला शिकवत. कॅप्टन बारावीत असताना एके दिवशी वडील शाळेचा जिना चढता चढता खाली बसले ते उठलेच नाहीत. ते एक्कावन्न वर्षांचे होते. तेव्हापासून मुलाच्या मनात हृदयाची भीती बसली. त्यातून पोटाचा व्यवसाय असा, की शरीर धडधाकट आहे हे वारंवार सिद्ध करावे लागते. वैमानिकाची ठरलेल्या मुदतीत वैद्यकीय तपासणी होते. तीत काही निघाले तर त्याला विमानात बसू देत नाहीत.

आणि मित्रांनो, वैमानिकाचे काम तब्येतीला मुळीच चांगले नसते. विमान हजार किलोमीटर जाते, पण चालवणारा तेवढा वेळ खुर्चीत बसून असतो. विमानातली हवा कोरडी असते, म्हणून अंगातले पाणी कमी होते. जेवणाला वेळ नसतो आणि झोपेलाही नसतो. आज पहाटे निघायचे, उद्या संध्याकाळी, परवा परगावी मुक्काम. अशा माणसाने चाळीस-बेचाळीस किलोमीटर पळण्याची तयारी कशी करावी?

कॅप्टननी त्याची रीत बसवली होती. उड्डाणाच्या आधीच्या बारा तासांत ते दमवणारे पळणे टाळत. पहाटेचे विमान असेल तर ज्या गावी उतरतील तिथे संध्याकाळी पळत. कोलकात्याच्या हॉटेलात ते अकरा मजल्यांचा जिना वीस वेळा चढले. नागपुरात मे महिन्यात बाहेर पाऊल टाकवेना, तेव्हा ते हॉटेलच्या तळघरातल्या वाहनतळात गोल गोल बारा किलोमीटर पळले. शेवटी पहारेकऱ्याने त्यांचे काही हरवले आहे का, असे विचारले. बॅगेत गणवेशाखाली पळायचे बूट आणि गूळ-शेंगदाण्याची डबी कायम असे. घरी असले की वेताळ टेकडी किंवा कर्वेनगरचा कालव्याकाठचा रस्ता. टेकडीवर फिरायला येणारे आप्पासाहेब नावाचे एक निवृत्त गृहस्थ त्यांना रोज तेच विचारत, "विमान चालवता ना आपण? मग हे पायी कशाला?" कॅप्टन हसून पुढे जात.

पळून आल्यावर ते एका वहीत लिहीत. तारीख, अंतर, वेळ आणि ठोके. पहिल्या वर्षी सकाळी अंथरुणात त्यांचे ठोके मिनिटाला अडुसष्ट होते. तिसऱ्या वर्षी ते एकोणपन्नासवर आले. शर्यतीची वेळ चार तास वीस मिनिटांवरून तीन तास नऊ मिनिटांवर आली. तपासणीच्या वेळी डॉक्टर दुसऱ्या वैमानिकांना त्यांचे उदाहरण देऊ लागले. कॅप्टनना आता एकच ध्यास लागला होता. बेचाळीस किलोमीटर तीन तासांच्या आत पळायचे. ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस होते. मी दाखवलेला प्रत्येक आकडा तेव्हा कौतुकाने वाचला जात असे.

आता सर्जेरावांविषयी सांगतो. ते वैमानिकांना घरून विमानतळावर नेणारी गाडी चालवत. त्यांचे घर खराडीला होते, तिथल्या जुन्या शेतकऱ्यांपैकी ते एक. त्यांच्या ज्वारीच्या रानात आता काचेची उंच इमारत उभी होती आणि विमानतळाच्या वाटेवर ते ती रोज बघत. कॅप्टनवर त्यांचा फार जीव. सुट्टीच्या दिवशी कॅप्टन खडकवासल्यापर्यंत लांब पळायला निघाले की सर्जेराव मोटारसायकलवरून पाण्याच्या बाटल्या घेऊन मागोमाग जात. आमचे साहेब आकाशातही पुढे आणि जमिनीवरही पुढे, असे ते गावात सांगत.

दोन हजार सोळा सालच्या सप्टेंबरची गोष्ट. कॅप्टन वेताळ टेकडीचा चढ पळत होते. माझ्यावर एकशे अठ्ठेचाळीस आकडा होता. मग एकशे एक्कावन्न. आणि एकाएकी दोनशे सहा. त्यापाठोपाठ त्र्याण्णव, पुन्हा एकशे अठ्ठ्याऐंशी. ठोक्यांचा ताल पार सुटला होता. कॅप्टन थांबले, गुडघ्यांवर हात टेकून वाकले. चार-पाच मिनिटांनी सगळे पूर्ववत झाले. त्यांनी माझ्यावर दोनदा टिचकी मारली आणि ते पळू लागले.

घरी येऊन त्यांनी छातीच्या पट्ट्याची बॅटरी बदलली. आठवड्याने कालव्याच्या रस्त्यावर तेच झाले. त्यांनी पट्टा साबणाने धुतला. तिसऱ्यांदा झाले तेव्हा त्यांनी पट्टा काढला, त्याची घडी केली आणि कपाटाच्या खणात टाकला. त्यानंतर ते मला एकट्यालाच बांधून पळू लागले. ठोक्यांचे आकडे दिसायच्या जागी आता माझ्यावर दोन आडव्या रेघा दिसत. मी वेळ दाखवत राहिलो. माझ्यासारख्याला याहून जास्त काय करता येते?

ऑक्टोबरात एके दुपारी विमानतळाबाहेर गाडीचे दार उघडताना कॅप्टननी दाराला घट्ट धरले. चेहरा घामाने डबडबला होता. सर्जेरावांनी त्यांना सीटवर बसवले, पाणी दिले आणि दवाखान्यात नेऊ का, असे विचारले. कॅप्टननी मान हलवली. जरा वेळाने ते म्हणाले, "सर्जेराव, घरी बोलू नका."

"नाय बोलत, सायेब," सर्जेराव म्हणाले. आणि ते खरेच बोलले नाहीत.

नोव्हेंबरात वैद्यकीय तपासणी झाली. हृदयाचा आलेख काढला तो अगदी स्वच्छ आला. ठोक्यांचा ताल सुटण्याचा हा आजार कधी येतो, कधी जातो. टेबलावर शांत पडलेल्या माणसात तो दिसेलच असे नाही. डॉक्टरांनी विचारले, काही त्रास? कॅप्टन म्हणाले, काही नाही. मी त्यांच्या मनगटावरच होतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत हेमाताई काहीतरी शोधत होत्या आणि पळण्याची वही त्यांच्या हाती लागली. आकड्यांत आयुष्य गेलेले माणूस ते. भरलेल्या रकान्यांपेक्षा रिकामा रकाना त्यांच्या नजरेत आधी भरला. ठोक्यांचा रकाना दोन महिने कोरा होता. त्यांनी कॅप्टनना विचारले. घड्याळ बिघडले आहे, दुरुस्तीला टाकायचे राहिले, असे ते म्हणाले आणि दिल्लीला गेले. त्या दिवशी घाईत ते मला स्नानगृहाच्या फळीवर विसरले होते.

हेमाताईंनी मला उचलले. खणातून पट्टाही शोधून काढला. दुकानात नेण्याआधी नक्की काय बिघडले आहे ते पाहावे, एवढेच त्यांच्या मनात असावे. त्यांनी पट्टा स्वतःच्या छातीला बांधला आणि त्या जिना उतरून खाली गेल्या. त्या कधी पळत नसत. तिसऱ्या मजल्यापर्यंत त्या भराभर चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या. असे चार वेळा. प्रत्येक जिन्याला थांबून त्या कागदावर माझा आकडा लिहीत. चौऱ्याऐंशी. एकशे दहा. एकशे सदतीस. एकशे बावन्न. मग पायरीवर बसून त्यांनी तो आकडा हळूहळू, एकसारखा उतरताना पाहिला. शेजारच्या वासंतीबाईंनी दारातून डोकावून, वजन कमी करताय का, असे विचारले. हेमाताई कागद घेऊन घरात गेल्या. माझ्या आत जुन्या पळण्यांची नोंद साठलेली असते. ती त्यांनी एकेक करून उघडली. सप्टेंबरपाशी आल्या आणि त्यांचे बोट थांबले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॅप्टन आले. अजून गणवेशातच होते. हेमाताईंनी तो कागद आणि मला त्यांच्यासमोर ठेवले.

"घड्याळ ठीक आहे," त्या म्हणाल्या.

कॅप्टननी कागदावरचे आकडे वाचले. मग त्यांनी डिसेंबरच्या शर्यतीला तीनच आठवडे उरल्याचे सांगितले. ती झाली की डॉक्टरांकडे जातो म्हणाले.

"आणि तोवर विमान?"

"तपासणीच्या कागदावर मी ठणठणीत आहे, हेमा. मी तोंडानं सांगितलं की तो कागद गेला. कागद गेला की मी कोण?"

हेमाताईंनी विमानात त्यांच्या मागे बसणाऱ्या एकशे ऐंशी माणसांची आठवण करून दिली. कॅप्टन म्हणाले की शेजारी दुसरा वैमानिक असतो. हेमाताई त्याच वेळी विमान कंपनीला फोन करू शकल्या असत्या. पुढे कित्येक वर्षे त्या स्वतःला हेच सांगत राहिल्या. पण ज्या माणसाने वीस वर्षे एकाच गोष्टीसाठी घालवली, त्याच्या हातून ती आपण काढून घ्यायची, हे त्यांच्याने झाले नाही. शर्यतीनंतरच्या सोमवारची वेळ मी डॉक्टरांकडे घेते, एवढेच त्या म्हणाल्या. कॅप्टननी मान डोलावली.

शर्यत झाली. कॅप्टन तीन तास आणि एक्केचाळीस सेकंदांत पोहोचले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सर्जेरावांनी हार घातला. हेमाताई मात्र त्यांच्या ओठांकडे पाहत होत्या. ते राखेसारखे पांढरे पडले होते. कॅप्टन माझ्याकडे पाहत होते. तो आकडा मी दाखवला, याचे मला आजही वाईट वाटते. तीन तासांच्या आत ते आले असते तर कदाचित तिथेच थांबले असते.

सोमवारी त्यांनी एका सहकाऱ्याचे उड्डाण बदलून घेतले आणि ते बागडोगऱ्याला गेले. डॉक्टरांची वेळ फुकट गेली. परत आल्यावर त्यांनी सांगितले की जानेवारीत आणखी एक शर्यत आहे आणि प्रश्न फक्त एक्केचाळीस सेकंदांचा आहे. हेमाताई आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मग पुन्हा बोलू लागल्या, कारण घर चालायलाच हवे होते.

तो दिवस जानेवारीतला गुरुवार होता. हेमाताई सात वाजता महाविद्यालयात गेल्या. कॅप्टन कालव्याकाठी सहा किलोमीटर पळून आले. त्यांनी अंघोळ केली, गणवेश चढवला आणि मला पुन्हा मनगटावर बांधले. गाडी साडेनऊला यायची होती. नऊ वाजून दहा मिनिटांनी ते आरशासमोर टायची गाठ बांधत होते आणि त्यांचा उजवा हात खाली पडला. त्यांनी तो डाव्या हाताने उचलला. तो पुन्हा पडला. मी ज्या हातावर होतो तो हात दुसऱ्या हाताला उचलत होता. तसेच भिंतीला धरून ते दाराजवळच्या खुर्चीपर्यंत आले आणि बसले. फोन वाजला. त्यांनी तो डाव्या हाताने कानाला लावला आणि तोंड उघडले, पण शब्द आला नाही. पलीकडच्या माणसाने दोनदा हॅलो म्हणून फोन ठेवून दिला.

सर्जेराव वेळेवर आले होते. कॅप्टन नेहमी पाच मिनिटे आधी खाली उतरलेले असत. आज ते नव्हते. पण साहेब अलीकडे दमतात हे सर्जेरावांना ठाऊक होते. घटकाभर टेकले असतील, उगाच बेल वाजवून त्रास कशाला द्यायचा, असे वाटून ते खाली थांबले. पाऊण तास थांबले. मी त्या पाऊण तासातले प्रत्येक मिनिट मोजले. शेवटी विमान कंपनीतून विचारणा झाली तेव्हा ते वर आले. दार नुसते लोटलेले होते.

लोहगावच्या विमानतळाकडे जायची ती गाडी रुग्णालयाकडे वळली. आणखी दोन तासांनी हे घडले असते तर कॅप्टन विमानात असते. ती एकशे ऐंशी माणसे त्या दिवशी सुखरूप राहिली, पण त्यात कुणाचा शहाणपणा नव्हता.

हृदयाचा ताल सुटला की आत रक्त साकळते आणि त्याची गुठळी मेंदूकडे जाऊ शकते, असे डॉक्टरांनी हेमाताईंना समजावले. ते रागावले नाहीत. शांतपणे एवढेच म्हणाले की पहिल्यांदा त्रास झाला तेव्हाच आला असता तर यावर औषधे होती, उपचार होते. काही महिने विमान बंद राहिले असते, पुढे कदाचित ते पुन्हा उडालेही असते.

सर्जेराव रुग्णालयाच्या मधल्या वाटेत उभे होते. डोक्यावरची टोपी हातात घेऊन ते हेमाताईंजवळ आले.

"वैनी, मला ठाव हुतं," ते म्हणाले. "आक्टोबरात गाडीपाशी असंच झालं हुतं. सायबांनी सांगू नगा म्हणून सांगितलं, मी न्हाई सांगितलं."

हेमाताईंनी त्यांच्याकडे पाहिले. "मलाही माहीत होतं, सर्जेराव," त्या म्हणाल्या.

दोघे बाकावर शेजारी शेजारी बसले.

कॅप्टन वाचले. पण उजवा हात परत आला नाही आणि पाय फरपटत राहिला. वैमानिकाचा परवाना गेला. सहकारी भेटायला येत, विमानांच्या गोष्टी सांगत आणि अवघडून निघून जात. वर्षभरात तेही थांबले. सर्जेराव दर रविवारी येत असत. पुढे त्यांची नजर अधू झाली आणि त्यांचे येणे बंद झाले. सर्वांत मोठे नुकसान भाषेचे झाले. विमानाच्या ध्वनिक्षेपकावरून शेकडो माणसांशी बोलणाऱ्या कॅप्टनजवळ एकच शब्द उरला, 'हो'. भूक लागली तरी हो, नको असले तरी हो. भाषा शिकवणारी एक बाई दोन वर्षे येत होती. आणखी चार-सहा शब्द आले, पण ते कधी सापडत, कधी नाही. सकाळी हेमाताई त्यांना हाताला धरून इमारतीभोवती एक फेरी घालतात. तीनशे पावलांना वीस मिनिटे लागतात. दुसरी फेरी होत नाही.

मी इतकी वर्षे कपाटाच्या खणात होतो. माझी बॅटरी केव्हाच फुगली. छातीच्या पट्ट्याचा रबर चिकट होऊन त्याचे तुकडे पडले. गेल्या शनिवारी इमारतीत निरुपयोगी विजेच्या वस्तू गोळा करायला शालू नावाची बाई आली होती. तिच्या खोक्यात जुने रिमोट, चार्जर, बंद पडलेले फोन होते. हेमाताईंनी खण रिकामा करता करता मला बाहेर काढले आणि त्या कॅप्टनच्या खुर्चीजवळ आल्या. मला त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवून त्यांनी विचारले, "हे देऊन टाकू?"

"हो," कॅप्टन म्हणाले.

त्यांची बोटे माझ्याभोवती मिटली होती. हेमाताईंनी ते पाहिले. "की ठेवू?" त्यांनी विचारले.

"हो."

हेमाताई थोडा वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मग त्यांनी एकेक बोट हलकेच उघडले आणि मला शालूच्या खोक्यात ठेवले.

मित्रांनो, माझे आता काही मागणे नाही. माझे पत्रे आणि तारा वेगळ्या होतील, त्याचे दुःखही नाही. एवढेच सांगतो. तुमच्या घरात कुणी पळत असेल, पोहत असेल, डोंगर चढत असेल, तर त्याला शाबासकी द्यायला पुष्कळ माणसे मिळतील. पण त्याच्या वहीतला एखादा रकाना एकाएकी कोरा दिसू लागला, तर त्याला जपा. तो रागावला तरी विचारा. घड्याळ बिघडले असे तो म्हणाला, तर आधी त्याचा हात हातात घ्या, मनगटावर बोट ठेवा आणि स्वतः मोजा. आणि मग उद्याची वाट पाहू नका.